दहावा दिवस धरून

दामूकाका गेले त्या संध्याकाळी मी बायकोच्या पोटात सुई घालायचं धाडस गोळा करत होतो.

"घाला ना आता," हेमांगी म्हणाली. "कधीपासून चिमटीत धरून बसलाय."

"हात थरथरतोय."

"सुई माझ्या पोटात जाणार आहे. तुमचा हात कशाला थरथरतोय?"

मी मुकुंद हेरलेकर, मिरजेचा. मंगल कार्यालयांतून जेवणाचे ठेके घेतो. पाचशे पानांची पंगत उठवताना मला कधी घाम फुटला नाही, पण सुई बघितली की माझे पाय गळतात. डॉक्टर शिरगुप्पे मॅडमनी नीट शिकवलं होतं, पोटाची चिमूट धरायची आणि सुई सरळ आत. या इंजेक्शनांनी हेमांगीची स्त्रीबीजं वाढायची होती. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि सुई घातली. त्याच वेळी खालून आईचा आवाज आला, "मुकुंदा, दामूभावजी गेले रे."

मी तसाच उठायला निघालो.

"आधी सुई काढा," हेमांगी म्हणाली.

दामूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पोस्टातून निवृत्त झालेले, कुमुदकाकूबरोबर समोरच्याच घरात राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, भाऊबंदांत दुसरं कोणी नाही. त्यामुळे अग्नी मी द्यायचा, दहा दिवस मी करायचे, हे कुणी बोलून दाखवायचीही गरज नव्हती. आमच्या गल्लीला ते काका जिवंत असल्यापासून माहीत होतं.

आता आमचं दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. लग्नाला आठ वर्षं होऊन आम्हाला मूल नव्हतं आणि दोष माझ्यात होता. मॅडमनी रिपोर्ट वाचून सांगितलं होतं, "हेरलेकर, तुमचे शुक्रजंतू फार कमी आहेत. आणि जे आहेत ते आळशी आहेत. आपण होऊन कुठं जाणार नाहीत." म्हणून इक्सी करायचं ठरलं. त्यात हेमांगीची बीजं बाहेर काढायची, माझ्यातला एकेक बरासा शुक्रजंतू सूक्ष्मदर्शकाखाली हुडकायचा, बारीक सुईत धरायचा आणि थेट बीजात सोडायचा. मी आयुष्यभर लग्नं बघितलेला माणूस, मला लगेच कळलं. नवरदेव बोहल्यावर यायला तयार नाही, तर त्याला दोघांनी दंडाला धरून उभा करायचा.

हे आम्हा दोघांना आणि मॅडमनाच माहीत होतं. आईला आम्ही "ट्रीटमेंट चालू आहे" एवढंच सांगितलेलं. ट्रीटमेंट म्हणजे सुनेची, असं तिनं आपल्या सोयीनं धरून टाकलं आणि मी ते तसंच राहू दिलं. हेमांगी गप्प राहिली. एकदा हा सगळा खटाटोप फसला होता. दुसऱ्यांदा सुरू करताना ती मला म्हणाली होती, "ही शेवटची वेळ. मला आता शरीराचे हे हाल होत नाहीत. यावेळी नाही झालं तर परत विचारायचं नाही." मी हो म्हटलं होतं.

तर त्या शेवटच्या वेळेच्या ऐन सुरुवातीला दामूकाका गेले.

"काय करू गं?" मी हेमांगीला विचारलं.

"करायचं काय त्यात? कुमुदकाकूला दुसरं कोण आहे? अग्नी द्या. आपण जमवू काहीतरी."

घाटावर गणपुले गुरुजींनी माझं मुंडन करवलं, अग्नी देववला आणि मग माझे नियम सांगितले. दहा दिवस काकूच्या घरी बाहेरच्या खोलीत चटईवर झोपायचं. एकवेळ जेवायचं. कुणाला शिवायचं नाही. आणि कडक ब्रह्मचर्य.

मी मान हलवली. आणि मान हलवतानाच मनात हिशेब केला. मॅडमनी हेमांगीची बीजं काढायचा जो दिवस दिला होता तो बरोबर दहाव्याला येत होता. त्या दिवशी बीजं काढली की लगेच माझं वीर्य हवं, ताजं. आधीच देऊन गोठवून ठेवता येईल का, हे मी मॅडमना पूर्वीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे आहेतच मूठभर. त्यातले निम्मे गारठून जायचे."

दोन दिवसांनी गुरुजी काकूकडे गरुडपुराण सांगायला आले. ते जायला निघाले तसं मी त्यांना दारात गाठलं.

"गुरुजी, एक शंका होती. ब्रह्मचर्य म्हणजे नेमकं कुठपर्यंत?"

गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे दहा दिवस म्हणालात ते दहावा दिवस धरून, की सोडून?"

"धरून."

"पूर्ण दिवस? की दुपारनंतर चालेल?"

"मुकुंदा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "काका जाऊन तिसरा दिवस आहे. बायको समोरच्या घरात आहे, कुठं पळून जात नाही. जरा दम धर."

त्या दिवसापासून गुरुजी माझ्याकडे एका वेगळ्याच नजरेनं बघू लागले. गरुडपुराणात कामी पुरुषांना नरकात काय काय होतं तो भाग आला की ते पोथीतून मान वर करून थांबायचे. आई आणि काकू मन लावून ऐकत असायच्या. मी तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत जमिनीकडे बघत बसायचो.

इकडे इंजेक्शनांचा प्रश्न होता. मी कुणाला शिवायचं नाही म्हटल्यावर ती घालणार कोण? हेमांगीनं दुसऱ्याच दिवशी आपली आपण घालून घेतली. खिडकीतून मला रिकामी सिरिंज दाखवून म्हणाली, "उगीच तुमच्या हातात देत होते. तीन सेकंदांचं काम."

मी मॅडमना फोन केला. दहा दिवस ब्रह्मचर्य आहे, चालेल ना, म्हणून विचारलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनीच बीजं काढायच्या आधी तीन-चार दिवस पाळायला सांगितलं होतं. माझ्या बाबतीत विज्ञान आणि धर्म पहिल्यांदाच एका बाजूला आलेले.

"दहा दिवस?" मॅडम म्हणाल्या. "अजिबात नको. इतके दिवस साठवले की जुने होतात, मरतात. सहाव्या दिवशी एकदा मोकळे व्हा. मग पुढं पाळा."

"मॅडम, मी सुतकात आहे. चटईवर झोपतो."

"चटईचा काय संबंध?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सहाव्या दिवशी काय झालं ते मी सांगणार नाही. त्या दिवशी मी अवेळी पुन्हा एकदा आंघोळ केली, एवढं सांगतो. आईनं विचारलं, "आत्ता कसली रे आंघोळ?" मी म्हटलं, "पाल पडली अंगावर." मग तिनं पाल कुठं पडली, डाव्या खांद्यावर की उजव्या, त्यावरून शुभ की अशुभ, हे पंचांगात बघितलं. माझ्या जिवाला मात्र घोर लागला. काकांसाठी साधे दहा दिवस मला पाळता आले नाहीत. हेमांगीला यावेळीही दिवस राहिले नाहीत, तर मी मॅडमना दोष देणार होतो की स्वतःला, हे मला पक्कं माहीत होतं.

दहावा दिवस उजाडला. हेमांगीला तिच्या भावानं, श्रीपादनं, पहाटेच दवाखान्यात नेलं. माझा बेत सोपा होता. सकाळी लवकर कृष्णेच्या घाटावर जायचं, पिंड ठेवायचे, कावळा शिवला की तिथूनच थेट दवाखाना. आईला सांगितलं, घाटावरून मी परस्पर हेमांगीकडे जाईन. घाटावर कावळ्यांची काय कमी? रोज इतके असतात की भात हातातून ओढून नेतील.

घाटावर आम्ही मोजकेच होतो. मी, गुरुजी, आई आणि काकांचे पोस्टातले मित्र ताम्हणकर. आणि कुमुदकाकू. बायकांनी यायचं कारण नाही, असं आई म्हणून बघत होती, पण काकू रिक्षात जाऊन बसली. मग आईही बसली.

पिंड मांडले. आम्ही मागं सरकून उभे राहिलो. समोरच्या झाडावर कावळे होते, घाटाच्या कठड्यावर होते. एकही पुढं येईना.

पद्धत अशी की कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिलीय. मग घरच्यांनी एकेक पुढं होऊन सांगायचं, तुमचं हे आम्ही करू, काळजी करू नका.

आई पुढं झाली. "भावजी, कुमुदला आम्ही अंतर देणार नाही." कावळे बसून राहिले.

ताम्हणकरांनी इकडं तिकडं बघितलं, मग तेही पुढं झाले. "दाम्या, तुझा रेडिओ माझ्याकडंच आहे. मी विसरलो नाही. उद्या वहिनींकडे आणून देतो." एक कावळा उडाला. तो पलीकडच्या तिसऱ्याच कुणाच्या तरी पिंडाला शिवला आणि परत फांदीवर जाऊन बसला.

माझ्या कमरेला धोतराच्या निरीत मोबाईल होता, तो थरथरायला लागला. मी बाजूला होऊन घेतला. स्वतः मॅडम होत्या.

"हेरलेकर, बीजं काढली. छान आहेत. मिसेस शुद्धीवर येतायत. तुम्ही कुठं आहात?"

"घाटावर, मॅडम. कावळ्याची वाट बघतोय."

"किती वेळ लागेल त्याला?"

"सांगता येत नाही."

"हे बघा, बीजं फार वेळ थांबत नाहीत. उशीर झाला तर गेल्या वेळेसारखं फसेल. लगेच निघा."

मी परत येऊन हात जोडले. मनातल्या मनात काकांना म्हटलं, काका, सहाव्या दिवशीचं माफ करा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी काही हौस म्हणून नाही केलं. पण आता राग सोडा. कावळ्यांनी काही ऐकलं नाही. गुरुजी म्हणाले, "थांबू. दुपारपर्यंतसुद्धा थांबावं लागतं कधी कधी."

तिकडं हेमांगी पलंगावर पडलेली असणार आणि दाराकडं बघत असणार. एवढ्यात आई परत पुढं झाली. तिनं पदर पसरला.

"भावजी, मला कळलं तुमचा जीव कशात अडकलाय ते. मुकुंदाचं मूल बघायचं राहिलं ना? अहो, हेमांगीची ट्रीटमेंट चालू आहे. तिच्यात जो काही दोष असेल तो जाऊ दे, असं तुम्हीच वरून बघा."

आणि मला राहवेना. तिकडं तिच्या पोटातून बीजं काढून झाली होती आणि इकडं तिचा दोष निघत होता.

"आई, दोष तिच्यात नाही," मी म्हटलं. "माझ्यात आहे. पहिल्यापासून. तिची बीजं आत्ता काढून ठेवलीत आणि माझ्याकडून द्यायचं ते मी तासाभरात जाऊन दिलं नाही, तर ती फुकट जातील. मग परत कधीच काही होणार नाही. मला दवाखान्यात जायचंय."

आईचा पदर तसाच पसरलेला राहिला. ताम्हणकर नदीकडं बघायला लागले. गुरुजींनी चष्मा काढला.

"म्हणजे मुकुंदा, तू मला दारात विचारत होतास ते..."

"तेच, गुरुजी."

"मग सरळ विचारायचंस की रे. मी उगाच तुला नरक सांगत बसलो." त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. पण पुढं ते म्हणाले, "पण आज दहावा आहे. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय कर्त्यानं हलायचं नाही. आणि ते दुसरं तर आजचा दिवस चालायचंच नाही. यात मी तरी काय करणार?"

कुमुदकाकू सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. ती पुढं आली.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा आणि शिववा."

"करू की वहिनी. पण तो अगदीच नाइलाज झाला म्हणजे. जरा वाट बघू. दामूअण्णांची काहीतरी इच्छा राहिलीय."

"राहू दे," काकू म्हणाली. "माझी नाही राहिली? मी कुठं अडून बसले? करा दर्भाचा."

"आणि ब्रह्मचर्य?"

"ते हा माझ्याच नवऱ्यासाठी पाळतोय ना? मी सोडवलं त्याला. जा रे मुकुंदा."

गुरुजींनी मुकाट्यानं दर्भाची काडी वाकवून कावळा केला आणि पिंडाला लावला. आम्ही पायऱ्या चढायला लागलो, तर मागं चार कावळे भातावर तुटून पडले. आईनं वळून हात जोडले. काकूनं वळून बघितलंसुद्धा नाही.

ताम्हणकरांनी मला स्कूटरवर घेतलं. ओलं धोतर, उघड्या अंगावर उपरणं, डोक्याचा गोटा, असा मी दवाखान्यात शिरलो. काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. "गुरुजी, पूजा वरच्या मजल्यावर आहे. अजून साहित्य आलं नाही."

"मी पेशंट आहे," मी म्हटलं. "हेरलेकर."

"अय्या, तुम्हीच का ते कावळेवाले?"

एका नर्सनं माझ्या हातात झाकणाची डबी दिली आणि एका खोलीचं दार दाखवलं. आत भिंतीवर एका गुबगुबीत बाळाचं चित्र होतं आणि ते थेट माझ्याकडं बघत होतं. माझ्या बोटात अजून दर्भाचं पवित्रक होतं. ते काढलं. खिसा नव्हता, म्हणून खिडकीत ठेवलं. मग ते तिथूनही बघतंय असं वाटायला लागलं, म्हणून पडद्यामागं सरकवलं. बाहेर ताम्हणकर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "आत्ताच गेलाय. घाईघाईनं आलाय हो घाटावरून." अशा परिस्थितीत माणसानं काय करावं? वेळ लागला. घाम फुटला. शेवटी हेमांगीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, खिडकीतून रिकामी सिरिंज दाखवताना हसली होती तसा, आणि काम झालं.

मॅडम बऱ्याच वेळानं आतून आल्या. मी उभा राहिलो.

"मिळाले," त्या म्हणाल्या. "हुडकायला लागले, पण प्रत्येक बीजाला एकेक मिळाला."

हेमांगीनं डोळे उघडून मला बघितलं. "काय अवतार आहे," ती म्हणाली. मग मी तिच्याजवळ बसलो आणि घाटावर काय बोललो ते सांगितलं. सगळं ऐकून ती बराच वेळ माझा हात धरून पडून राहिली. म्हणाली, "सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, "ताम्हणकरसुद्धा होते." तेव्हा ती रडली आणि मीही रडलो.

आम्हाला मुलगी झाली. ती आता दहावीला आहे आणि आळशीपणात तंतोतंत माझ्यावर गेली आहे. बारशाला पाळण्याला पहिला हात कुमुदकाकूनं लावला. असल्या कार्यात तिला आजवर कुणी पुढं केलं नव्हतं, त्या दिवशी आईनंच तिला हाताला धरून आणलं. काकू पुढं दहा वर्षं जगली आणि पोरगी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली.

पण मला काकू म्हटलं की आठवते ती त्या दहाव्या दिवसाची दुपार. दवाखान्यातून आल्यावर मी आंघोळ केली आणि तिच्या घरात गेलो. काकांच्या फोटोपुढं दिवा होता आणि काकू भिंतीला टेकून बसली होती. माझं ताट झाकून ठेवलेलं, तीही जेवली नव्हती.

"झालं काम?" तिनं विचारलं.

"झालं."

"हेमांगी कशी आहे?"

"बरी आहे. चहा मागितला तिनं."

मी जेवायला बसलो. ती माझ्याकडं बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "मुकुंदा, एक विचारू? दोष पुरुषात आहे हे कसं कळतं?"

मी लाजलो. पण ज्या बाईनं मला घाटावरून सोडवलं तिच्यापुढं कसली लाज? "तपासतात," मी म्हटलं. "एका डबीत द्यायचं. मग ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात."

"दुखतं?"

"नाही गं."

"चिरफाड वगैरे?"

"काही नाही. जाऊन यायला तास लागत नाही."

"आमच्या वेळी होतं हे?"

"हे सुईचं नव्हतं. तपासणी होती. मिरजेतच होती."

काकू बोटं दुमडत म्हणाली, "मला तीनदा टेबलावर घेतलं. पिशवी धुतली. सांगलीच्या वैद्याचा काढा दोन वर्षं घेतला, त्यानं केस गेले माझे. वाडीच्या देवळाला ओल्यानं प्रदक्षिणा घातल्या. सासूबाईंनी ह्यांच्यासाठी दुसरी मुलगीसुद्धा बघून ठेवली होती." तिचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं, मालकांना घेऊन या. हे म्हणाले, मला काय धाड भरलीय?"

मी घास ताटात ठेवला.

काकू उठली. दिव्यात तेल कमी झालं होतं ते घातलं, वात सारखी केली. मग फोटोसमोर उभी राहून, काका जिवंत असताना ज्या आवाजात त्यांना जेवायला बोलवायची, त्याच आवाजात म्हणाली, "अहो, ऐकलंत का? नुसतं डबीत द्यायचं होतं."